‘कुठं जमते का पाहा ना, भाऊ’: नागपुरात ओळखीतून नोकरीपर्यंत कसं पोहोचायचं

लग्नसराईत हमखास घडणारा प्रसंग. मी ताट घेऊन रांगेत उभा असतो, मागून खांद्यावर हात पडतो. ‘पोट्टा बीई झाला, दोन वर्षं घरीच आहे. कुठं जमते का पाहा ना, भाऊ.’ मी म्हणतो, बायोडाटा पाठवून द्या. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर ‘रेझ्युमे फायनल न्यू २’ नावाची पीडीएफ येते. ती उघडून मी पाच मिनिटं पाहतो आणि पोराला नेमकं काय हवंय ते मला कळत नाही. फाईल फोनमध्ये राहते, पोरगा घरी राहतो, आणि पुढच्या लग्नात मी त्या गृहस्थांची नजर चुकवतो.

बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांत एचआरचं काम करत मी बरीच वर्षं काढली. ‘ओळख लावणं’ दोन्ही बाजूंनी पाहिलं. मदत करायची इच्छा लोकांना असते. अडतं ते असं की मागणारा इतकं मोठं आणि धूसर मागतो की देणाऱ्याला काय करावं तेच सुचत नाही. मागणी लहान आणि स्पष्ट असली, तर समोरचा ती त्याच दिवशी पुरी करतो. पुढचं सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे.

आधी वशिला आणि ओळख वेगळी करा

वशिल्याने लायकी नसताना जागा मिळते. ओळखीने तुमचा कागद ढिगातून वर येतो, जाहिरात निघायच्या आधी कानावर पडतं, आणि मुलाखतीत काय विचारतील याचा अंदाज येतो. मुलाखत तुम्हालाच द्यायची असते. खासगी कंपन्यांत शिफारस ही रीतसर पद्धत आहे. अनेक मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्याने सुचवलेला माणूस घेतला गेला आणि काही महिने टिकला, तर सुचवणाऱ्याला बोनस मिळतो. म्हणजे तुम्ही फक्त उपकार मागत नाही, हे लक्षात ठेवा. बोलताना पाठ थोडी सरळ राहते.

सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्राचं मात्र वेगळं. वेस्टर्न कोलफिल्ड्स, मॉइल, एम्स, विद्यापीठ यांच्या भरत्या जाहिरातीने आणि ठरलेल्या निवड प्रक्रियेने होतात. तिथल्या माणसाशी बोलून कामाचं स्वरूप कळेल, परीक्षेची तयारी कशी करावी ते कळेल, तेवढंच. ‘आतून सेटिंग आहे, एवढे द्या’ म्हणणारा जो कोणी भेटेल, तो तुमच्या बापाच्या पीएफवर डोळा ठेवून आहे.

मग एक वाक्य तयार करा

‘काहीही चालेल’ हे नोकरी शोधणाऱ्याचं सर्वांत महागडं वाक्य. ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्याने एकही चेहरा, एकही कंपनी येत नाही. त्याऐवजी हे पाहा: ‘मेकॅनिकल डिप्लोमा, दोन वर्षं मेंटेनन्सचा अनुभव, हायड्रॉलिक्स चांगलं येतं, हिंगणा किंवा बुटीबोरीत मेंटेनन्सचं काम पाहतोय.’ किंवा: ‘बीकॉम, टॅली आणि जीएसटीचे रिटर्न स्वतः भरते, सीएच्या ऑफिसात किंवा ट्रेडिंग फर्ममध्ये अकाउंट्स हवं.’ शिक्षण, येणारं एक ठोस काम, हवी ती जागा आणि भाग.

वाक्य जमलं का हे तपासायचं तर मावशीला सांगा आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडून ऐका. तिला सांगता आलं, तर ती भिशीतही सांगू शकेल. हसू नका, भिशीतून लागलेल्या नोकऱ्या मी पाहिल्या आहेत.

वही घ्या, नावं लिहा

मोबाइलमध्ये नको, वहीतच. तीन रकाने पाडा. पहिल्यात रोजचे: घरचे, जिवलग मित्र. दुसऱ्यात अधूनमधून भेटणारे: डिप्लोमाचे मास्तर, इंटर्नशिपमधला सुपरवायझर, कोचिंगचा सोबती, मेसमधला सीनियर, गणपती मंडळातला तो दादा जो मिहानला, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग क्षेत्रात, कामाला जातो, वडिलांच्या ऑफिसातले निवृत्त साहेब, घरमालकाची सून. तिसऱ्यात विसरलेले: शाळेतला बाकावरचा शेजारी, जुन्या मोहल्ल्यातली ताई जी आता बंगळुरूला आहे. चाळीस नावं होईपर्यंत उठू नका. पंधराव्या नावाला पेन अडकतो. तेव्हा जुने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि दहावीचा ग्रुप फोटो काढून बसा.

सगळ्यांचा पहिला ओढा पहिल्या रकान्याकडे असतो. पण तुमच्या जिवलग मित्राला जे माहीत आहे, ते बहुतेक तुम्हालाही माहीत असतं. तोही त्याच टपरीवर बसतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हेच मांडलं. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या व्यावसायिकांना त्याने विचारलं की नोकरीची खबर देणारा माणूस त्या वेळी तुम्हाला किती वेळा भेटायचा. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी वारंवार भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले १७ टक्क्यांच्याही आत होते. जवळपास ५६ टक्क्यांना ती अधूनमधून भेटणाऱ्याने दिली होती, आणि सुमारे २८ टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याने. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी वापरकर्त्यांच्या माहितीवरचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्याने यात एक दुरुस्ती केली: सर्वांत उपयोगी ओळख मध्यम कच्ची असते. अगदी घरची नाही, अगदी परकीही नाही.

तर दुसऱ्या रकान्यापासून सुरुवात करा. तिथले लोक तुम्हाला ओळखतात, पण तुमच्यापेक्षा वेगळ्या जगात वावरतात. नागपूरकराला याचा आणखी एक फायदा आहे. आपल्या बॅचमधले कितीतरी जण पुण्याला, हैदराबादला गेलेत. ते सगळे दिवाळीत घरी येतात, आणि त्यातल्या अनेकांना ‘परत नागपूरला यायचं’ या विषयावर बोलायला आवडतं. मिहानमध्ये कुठली टीम वाढतेय, कोणती कंपनी घरून काम देते, हे त्यांना आपल्याआधी कळलेलं असतं. दिवाळीच्या त्या आठवड्यात घरात तोंड लपवून बसू नका. ‘सध्या काय चाललंय’ हा प्रश्न टोचतो, मान्य आहे. तुमचं एक वाक्य तयार असेल तर उत्तरही तयार असतं.

शहराचा नकाशा डोक्यात हवा

कोणाला भेटायचं हे काम कुठं आहे त्यावर ठरतं. वर्धा रोडवर मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, टेक महिंद्रा आहेत, विमान देखभाल आणि विमानाच्या सुट्या भागांचं काम आहे, एम्स आहे. परसोडी आणि गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये पर्सिस्टंट आणि बऱ्याच लहान सॉफ्टवेअर कंपन्या. बुटीबोरीला टायरपासून धाग्यापर्यंत मोठी उत्पादनं, हिंगण्याला ट्रॅक्टर आणि असंख्य लघुउद्योग, कळमेश्वरला आणखी कारखाने. दवाखान्यांचं जाळं धंतोली आणि रामदासपेठेत.

या प्रत्येक जगाची आपली बैठक असते. सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनातली विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, म्हणजे आपली व्हीआयए, उद्योजकांसाठी चर्चासत्रं घेते. बुटीबोरी मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन आणि हिंगण्याची एमआयडीसी इंडस्ट्रीज असोसिएशन आपापल्या भागातल्या कारखानदारांच्या संघटना आहेत. व्यापाराचं बघायचं तर नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स. सीएचे विद्यार्थी असाल तर सीए संस्थेच्या धंतोलीच्या शाखेचे कार्यक्रम चुकवू नका. यातल्या एखाद्या खुल्या कार्यक्रमाला फोन करून विचारून जा, मागच्या नाही तर मधल्या रांगेत बसा, आणि चहाच्या वेळी एकाच माणसाशी नीट बोला. वीस व्हिजिटिंग कार्डं गोळा करणारा कोणाच्याच लक्षात राहत नाही. लघुउद्योगाचे मालक अशा ठिकाणी स्वतः येतात, आणि त्यांच्याकडे एचआर नावाचं खातं बहुधा नसतंच. मालकच चहा पिता पिता माणूस निवडतो.

लिंक्डइन: एक रविवार पुरे

फोटो साधा, उजेडात काढलेला, एकट्याचा. लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला नको. शेजाऱ्याचा खांदा दिसतो. नावाखालच्या ओळीत ‘नोकरीच्या शोधात’ लिहू नका, तुमचं ते एक वाक्य लिहा. सध्या नोकरीत असाल, तर ‘ओपन टू वर्क’ फक्त रिक्रूटर्सना दिसेल अशी सोय आहे ती वापरा. ती पूर्ण गुप्ततेची हमी नाही, एवढं ध्यानात असू द्या.

खरी खाण मात्र कॉलेजच्या पानावर ‘अ‍ॅलम्नाय’ या भागात आहे. तुमच्या कॉलेजचे माजी विद्यार्थी कुठल्या शहरात, कुठल्या कंपनीत, कोणत्या कामावर आहेत हे तिथं गाळून पाहता येतं. एक अडचण येते. आपल्याकडे कोणी कॉलेजचं नाव लिहितो, कोणी नुसतं नागपूर विद्यापीठ, तर कोणी आरटीएमएनयू. व्हीएनआयटीचे जुने लोक अजून व्हीआरसीई हे जुनंच नाव लिहितात. सगळ्या नावांनी शोधा. वहीच्या तिसऱ्या रकान्यात दहा नावांची भर इथून पडते.

मेसेज

इथं बहुतेकांचं घोडं अडतं. म्हणून जरा सविस्तर.

मला येणारे शंभरातले नव्वद मेसेज असे असतात: ‘हाय सर’. बस. मी ‘बोला’ म्हटल्यावर, ‘सर जॉब आहे का’. दुसरा प्रकार म्हणजे लांबलचक कौतुक, ‘आपल्या कार्याने मी भारावून गेलो’, आणि खाली रेझ्युमे. दोन्हींत मला करण्यासारखं काही नाही. नोकरी माझ्या खिशात नसते. माहिती मात्र असते, आणि ती द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून पहिल्या मेसेजमध्ये नोकरी मागायची नाही. माहिती आणि दहा मिनिटं मागायची. असं:

‘नमस्कार सर. मी आपल्याच कॉलेजचा, २०२२ चा मेकॅनिकल. सध्या हिंगण्याला एका लहान युनिटमध्ये मेंटेनन्स पाहतो. मोठ्या प्लांटमध्ये मेंटेनन्सचं काम कसं चालतं याबद्दल दोन प्रश्न होते. या आठवड्यात सहानंतर फोनवर दहा मिनिटं देऊ शकाल का? नाही जमलं तरी हरकत नाही.’

यात मी कोण, तुमचं माझं नातं काय, मला काय हवंय, किती वेळ लागेल, सगळं आलं. शेवटची ओळ मुद्दाम आहे. समोरच्याला नकाराची मोकळीक दिली की तो सहसा नकार देत नाही. लिंक्डइनच्या मोफत खात्यातून जोडणीची विनंती करताना चिठ्ठीला साधारण २०० अक्षरांचीच जागा असते आणि अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच पाठवता येतात. तिथं पहिली तीन वाक्यं आटोपशीर करा, उरलेलं जोडणी झाल्यावर लिहा. इंग्रजीत लिहायचं तर लिहा, पण वाक्यं एवढीच साधी ठेवा. ‘रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट’ नको.

संबोधनाचंही पाहा. अनोळखी माणसाला सर किंवा मॅडम. कॉलेजचा तीन-चार वर्षं सीनियर असेल तर दादा किंवा ताई चालतं आणि जवळीकही होते. मुलाखत घेणाऱ्याला मात्र ‘भाऊ’ म्हणू नका. नागपुरात रिक्षावाल्यापासून आमदारापर्यंत सगळे भाऊ असले तरीही.

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा. त्यानंतर सोडून द्या. दहा मेसेजला तीन उत्तरं आली तर ते चांगलं चाललंय असं समजा.

वीस मिनिटांची भेट

फोनपेक्षा भेट चांगली. जागा त्यांच्या सोयीची: मिहानवाल्याला खापरी मेट्रो स्टेशनच्या आसपास, हिंगण्याच्या माणसाला लोकमान्य नगर स्टेशनजवळ, आयटी पार्कवाल्याला तिथल्याच तर्री पोह्याच्या ठेल्यावर. मुलींनी अनोळखी माणसाला ऑफिसच्या कँटीनमध्ये किंवा गर्दीच्या कॅफेत दिवसाच भेटावं. ज्याला हे चालत नाही त्याची ओळख नसलेली बरी. पोह्याचे पैसे तुम्ही द्या. समोरचा देऊ देणार नाही, पण हात खिशात जायला हवा.

काय विचारायचं? पगार किती, हे पहिल्या भेटीत नाही. हे विचारा: तुमचा कालचा दिवस कसा गेला? नवीन माणूस पहिल्या तीन महिन्यांत कुठं अडखळतो? भरती साधारण कधी निघते? आणि कारखान्याच्या बाबतीत हा प्रश्न सोडूच नका: माणूस कंपनीच्या रोलवर घेतात की कंत्राटदाराच्या? बुटीबोरीत एकाच मशीनवर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या पगारात, सुट्ट्यांत आणि भविष्यात या एका शब्दाने जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि जाहिरातीत तो नेहमी स्पष्ट लिहिलेला असतोच असं नाही. शिफ्ट कशा फिरतात, कंपनीची बस कुठून सुटते, हेही विचारून घ्या.

रेझ्युमे पिशवीत असू द्या, टेबलावर नको. त्यांनी मागितला तर काढा आणि म्हणा, ‘यात काय कमी वाटतं?’ मग गप्प बसा. त्यांनी लाल पेनने खुणा केल्या तर भेट सोन्याची झाली, कारण आपण दुरुस्त केलेल्या कागदात माणसाचा जीव अडकतो.

उठताना एकच: ‘या कामाबद्दल आणखी कोणाशी बोलावं असं तुम्हाला वाटतं? तुमचं नाव सांगितलं तर चालेल का?’ एका भेटीतून दोन नावं मिळाली की वही आपोआप वाढते. नाव वापरायची परवानगी मात्र नक्की घ्या. जुन्या मालकाची निंदा करू नका. हे शहर मोठं झालं असलं तरी एखाद्या क्षेत्रातले लोक एकमेकांना इतके ओळखतात की दुपारी धरमपेठेत बोललेलं संध्याकाळी हिंगण्याला पोहोचतं.

त्याच रात्री दोन ओळींचे आभार पाठवा, आणि वहीत तारीख, काय कळलं, पुढं काय करायचं ते लिहा. महिनाभराने कळवा: ‘तुम्ही सांगितलं तसा पीएलसीचा (मशीन नियंत्रणाचा) कोर्स सुरू केला.’ एवढं कोणीच करत नाही. जो करतो तो डोक्यात राहतो.

शिफारस मागताना

आता नोकरी मागायची वेळ, आणि तीही ठरावीक जागेसाठी. कंपनीच्या संकेतस्थळावर जागा पाहा, तिचा जॉब आयडी टिपा, आणि स्वतः अर्ज भरायच्या आधी आतल्या माणसाला विचारा. अनेक कंपन्यांत तुमचं नाव एकदा पोर्टलवर चढलं की नंतरची शिफारस काही महिने धरली जात नाही. घाईत ‘अप्लाय’ दाबून मग फोन करणारे कितीतरी पाहिले.

शब्द असे निवडा: ‘माझं काम तुम्ही जेवढं पाहिलंय त्यावरून या जागेसाठी मला सुचवणं तुम्हाला योग्य वाटेल का?’ हो म्हटलं तर जॉब आयडी, एका पानाचा रेझ्युमे आणि तुम्ही या जागेला का योग्य आहात याची चार वाक्यं लगेच पाठवा. त्यांनी ती जशीच्या तशी चिकटवावीत, एवढी तयार.

लोक शिफारशीला का कचरतात तेही सांगतो. एकदा मी एका मित्राच्या भाच्याचा कागद न वाचता पुढं ढकलला. मुलाखतीत पोराने सांगितलं, ‘नाईट शिफ्ट मला जमणार नाही, हे मी मामाला सांगितलं होतं.’ मला त्या मित्राने काहीच सांगितलं नव्हतं. त्या प्रॉडक्शन मॅनेजरने पुढची दोन वर्षं मी दिलेला कागद आधी उलटा करून पाहिला. शिफारस करणारा स्वतःचं नाव पणाला लावतो. शिफ्ट, जागा, अपेक्षित पगार, नोटीस पीरियड हे त्याला आधीच खरं खरं सांगा.

ज्यांची कोणाशीच ओळख नाही

तुमसर, काटोल, उमरेडहून आलेली, घरात पहिलीच शिकलेली पोरं म्हणतात, आमचं कोण आहे नागपुरात? यांची वही वीस नावांवर थांबते, हे खरंय, आणि मेहनतीने सगळं भरून निघतं असं मी म्हणणार नाही. पण हॉस्टेलचे सीनियर, वाचनालयातले सोबती आणि कॉलेजचे प्लेसमेंट अधिकारी ही तीन दारं उघडी असतात. त्यातही लॅब असिस्टंटला विसरू नका. दहा बॅचची पोरं कुठं गेली हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

पैसे मागितले तर

रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, युनिफॉर्म, लॅपटॉपचं डिपॉझिट: नोकरी द्यायच्या आधी पैसे मागणारी ‘ओळख’ तिथंच तोडा, मग ती मामाच्या मित्राची का असेना. ऑफर लेटर खरं वाटलं तरी कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून नंबर काढून विचारा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड.

आठवड्याचं गणित

पाच नवे मेसेज, एक भेट, दोन जुन्या लोकांना कळवणं. याहून जास्त केलं तर तिसऱ्या आठवड्यात दम लागतो. आणि ग्रुपवर आलेली जी जागा तुमच्या कामाची नाही, ती ज्याच्या कामाची आहे त्याला नावानिशी पाठवा. सरसकट फॉरवर्ड नको.

नोकरी लागली की वहीत जितक्यांनी वेळ दिला तितक्यांना स्वतः फोन करा, ज्यांच्यामुळे काही झालं नाही त्यांनाही. आणि हातात दोन ऑफर असून एक नाकारायची असेल, तर एचआरला मेल पाठवण्याआधी शिफारस करणाऱ्याला फोन लावा. त्याला ते कँटीनमध्ये दुसऱ्याकडून कळता कामा नये.